रंगप्रश्न : गोदीवरचा एडी, दोन कायदे आणि एक खुर्ची

या महिन्याच्या टपालात आर्थर मिलरच्या ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’बद्दलची पत्रं एवढी आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. नाट्यस्पर्धा जवळ आली की असं होतंच. ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात : न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या रेड हुक वस्तीत गोदी कामगार एडी कार्बोन, त्याची बायको बीअ‍ॅट्रिस आणि तिच्या मेलेल्या बहिणीची सतरा वर्षांची मुलगी कॅथरीन राहतात. सिसिलीहून बीअ‍ॅट्रिसचे दोन भाऊबंद, मार्को आणि रोडोल्फो, कागदपत्रांशिवाय येऊन त्यांच्या घरी लपतात. कॅथरीन आणि रोडोल्फो प्रेमात पडतात. एडीला ते सोसत नाही. तो इमिग्रेशनच्या कचेरीला फोन करून पाहुण्यांना पकडून देतो, आणि शेवटी भर रस्त्यात मार्कोच्या हातून मरतो.

आमच्या मंडळाला हे नाटक गोव्यात आणायचं आहे. एडी मुरगाव बंदरावरचा कामगार आणि पाहुणे बाहेरून आलेले मजूर, असं रूपांतर चालेल का? (एक दिग्दर्शक, फोंडा)

दिसायला चालेल, पण दुसऱ्या अंकात कोसळेल. हे नाटक तीन खिळ्यांवर टांगलेलं आहे आणि तिन्ही खिळे कायद्याचे आहेत. पहिला : पाहुणे बेकायदा आहेत, एका फोनवर त्यांना हद्दपार करता येतं. दुसरा : नागरिक मुलीशी लग्न केलं तर त्यातल्या एकाला राहता येतं. ‘हा पोरगा कागदांसाठी तुझ्यामागे आहे’ हा एडीचा आरोप त्यामुळेच उभा राहतो. तिसरा : वस्तीचा स्वतःचा एक न लिहिलेला कायदा आहे, आणि त्यात चुगलीइतका मोठा गुन्हा नाही.

मुरगाव बंदरावर राज्याबाहेरून आलेला मजूर भारताचाच नागरिक असतो. त्याची तक्रार करून त्याला फार तर कामावरून काढता येईल, देशाबाहेर घालवता येणार नाही. पहिला खिळा निखळला. मग लेखक तिथं चोरी, अमली पदार्थ किंवा खोटं ओळखपत्र असलं काहीतरी घुसवतो, आणि पाहुणे खरोखरच गुन्हेगार ठरतात. मिलरच्या नाटकात ते फक्त उपाशी आहेत. मार्कोच्या तीन मुलांपैकी थोरल्याला छातीचा आजार आहे. हा तोल गेला की एडीचा फोन म्हणजे जागरूक नागरिकाचं कर्तव्य होऊन बसतं.

आखातात नेऊन बघा. लपून राहणारे पाहुणे मिळतात, धाडही मिळते. पण तिथला परवाना मालकाशी बांधलेला असतो, लग्नाने परक्या पुरुषाला नागरिकत्व मिळत नाही, आणि कमी पगाराच्या कामगाराला बायकामुलं नेताही येत नाहीत. एडीचं घरच उभं राहणार नाही.

त्यातल्या त्यात बसेल ते इंग्लंडमधलं, गोवेकरांची मोठी वस्ती असलेलं स्विंडन. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगालमध्ये नोंदणी करून पोर्तुगीज नागरिक होतात, आणि त्या पासपोर्टवर युरोपीय नागरिक म्हणून इंग्लंडला जाऊन स्थिरावण्याचा रस्ता ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. म्हणजे एडी आधी गेलेला, पक्क्या कागदांचा. पाहुणे नंतर पर्यटक म्हणून आलेले, मुदत संपून गेलेले, गोदामात रोखीवर राबणारे. एकाच गावचे लोक, एकाच गल्लीत, एक कायद्याच्या आत आणि एक बाहेर. दुसरा खिळा मात्र इथं थोडा ढिला आहे. मुदत उलटून राहिलेल्याला लग्नाने तिथं आपोआप परवाना मिळत नाही, अर्ज आणि अडथळे असतात. ते संहितेत सांभाळावं लागेल. तिसरा खिळा आपल्याकडे भक्कम आहे. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे गोव्यातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही.

आमचं मत विचाराल तर रेड हुक रेड हुकच ठेवा आणि भाषा आपली द्या. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने इटलीसारख्या देशांचं दार जवळजवळ लावून घेतलं. ज्या इटलीतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला लाखांनी माणसं जात होती, तिला १९५० च्या दशकात वर्षाला सहा हजारांहूनही कमी जागा होत्या. युद्धानंतरची उपासमार आणि हे बंद दार, यांच्यामधल्या फटीतून मार्को आत आला आहे. बोटीवरून आणणारी टोळीच त्याला गोदीवर काम मिळवून देते, पण तिचे पैसे फिटेपर्यंतच. पुढे ज्याचं त्याने बघायचं. असा तपशील दुसऱ्या ठिकाणी नव्याने रचायचा तर नवं नाटक लिहिण्याइतकी मेहनत पडते.

एडीची भूमिका करतो आहे. भाचीबद्दल आपल्या मनात काय आहे हे त्याला कळतं की नाही? तालमीत रोज वाद होतो. (एक नट, साखळी)

कळत नाही. आणि नटाने ते कळलेलं दाखवलं की नाटक तिथंच संपतं.

एडीला जे कळतं ते असं : मी हिला वाढवलं, हिच्या तोंडात घास जावा म्हणून कामासाठी वणवण केली, हिला चांगल्या वस्तीत द्यायची होती, आणि हा गाणारा, स्वयंपाक करणारा, कपडे शिवणारा पिवळ्या केसांचा पोरगा तिला घेऊन चालला. हे सगळं खरं आहे. म्हणून प्रत्येक वाक्य बापाच्या काळजीने बोला. त्याखालचं दुसरं काही मिलरने संवादात ठेवलेलंच नाही. ते त्याने वस्तूंमध्ये ठेवलं आहे. पहिल्याच प्रवेशात कॅथरीनच्या नव्या उंच टाचा एडीच्या डोळ्यांत खुपतात. थोड्याच वेळात ती त्याचा चिरूट पेटवून देते आणि ते त्याला आवडतं. रोडोल्फो गायला लागतो तसा एडी तिला टाचा काढायला आत पाठवतो. प्रेक्षक हे तीन क्षण आपणच जोडतो. नटाने चिरुटाच्या वेळी लाडिक हसून ‘बघा हं’ अशी खूण केली, तर प्रेक्षकाला करायला काही उरत नाही.

पन्नास डॉलर आठवड्याच्या नोकरीचा प्रसंग नीट बसवा. कॅथरीनला नळकाम करणाऱ्या कंपनीत लघुलेखिकेची जागा मिळते आहे. एडी नाही म्हणतो, मग विरघळतो. नट इथं घाईने विरघळतात. एडीच्या नकाराला चार पायऱ्या आहेत : शिक्षण पुरं कर, ती वस्ती वाईट, तिथली माणसं वाईट, आणि शेवटी ‘तू जाशील’. पहिल्या तीन सबबी आहेत, चौथी खरी. चौथीच्या आधी थांबा.

बीअ‍ॅट्रिस त्याला विचारते की आपण नवराबायको म्हणून पुन्हा कधी राहणार, तीन महिने होत आले. तिथं बहुतेक एडी चिडतात. चिडू नका, विषय टाळा. चिडलेल्या माणसाला काहीतरी कळलेलं असतं. टाळणाऱ्याला ते कळून घ्यायचंच नसतं. शेवटच्या प्रवेशात ती त्याला स्पष्ट सांगते, की तुला हवं आहे ते वेगळंच आहे आणि ते तुला कधीच मिळणार नाही. त्या क्षणी त्याला बसणारा धक्का खरा वाटायचा तर आधीचे दोन तास त्याने ते माहीत नसल्यासारखेच काढायला हवेत.

वकील अल्फिएरी कथा नुसती सांगत बसतो. वेळ वाचवायला त्याला कापलं तर? (पेडणे)

त्याला कापलंत तर वेळ वाचणार नाही, उलट वाढेल. प्रवेशांमधले आठवडे त्याच्या दोन-चार वाक्यांत सरकतात. तो नसला तर तेवढ्यासाठी काळोख करून सामान हलवावं लागेल.

पेडण्याच्या वाचकांना दशावतारी सूत्रधार आठवणं साहजिक आहे, पण अल्फिएरी तेवढ्यावर थांबत नाही. सूत्रधार कथेच्या बाहेर असतो. अल्फिएरी बाहेरून बोलता बोलता आपल्या टेबलामागे जाऊन बसतो आणि एडीचा वकील होतो. एडी दोनदा त्याच्याकडे येऊन एकच विचारतो : हे थांबवणारा कायदा आहे का? दोन्ही वेळा उत्तर ‘नाही’. एकच कायदा आहे, बेकायदा प्रवेशाचा, आणि तो अल्फिएरी नाइलाजाने बोलून जातो. म्हणजे वाट दाखवणाराही तोच. हा माणूस स्वतः पंचविसाव्या वर्षी इटलीहून आलेला आहे, दोन्ही कायदे जाणतो, आणि त्याला काहीच करता येत नाही. नटाला सांगा, ज्ञानी म्हाताऱ्याचा सूर लावू नको. हा हतबल साक्षीदार आहे. कापायचंच असेल तर त्याच्या निवेदनातली काव्यमय वाक्यं थोडी पातळ करा. कचेरीतल्या दोन भेटींना हात लावू नका.

मार्को एका हाताने खुर्ची उचलतो तो प्रसंग आमच्याकडे हास्यास्पद होतो. (म्हापसा)

पहिला अंक या खुर्चीवर संपतो, तेव्हा सविस्तर सांगतो. त्याआधी एडीने रोडोल्फोला मुष्टियुद्ध शिकवण्याच्या मिषाने एक ठोसा दिलेला असतो. मार्को भांडत नाही. एक गुडघा टेकून खुर्चीचा एक पाय तळाशी धरतो आणि एडीला विचारतो, उचलता येईल? एडीला जमत नाही. मग मार्को ती सावकाश उचलत एडीच्या डोक्यावर नेतो.

बहुतेक मंडळं मंडपातली प्लास्टिकची खुर्ची घेतात. तिचं वजन सगळ्या प्रेक्षकांना माहीत असतं, म्हणून हसू येतं. लोखंडी घडीची खुर्ची ऐन वेळी मिटते. जेवणाच्या टेबलाची हात नसलेली साधी लाकडी खुर्ची घ्या, वजन तीन ते साडेतीन किलो. सागवानी पाच-सहा किलोपर्यंत जाते, तिच्या नादी लागू नका. पाय गोल आणि मुठीत पुरा मावणारा हवा, जाडी तीन-साडेतीन सेंटिमीटर. चौकोनी पायाच्या कडा तळहातात रुततात. धरण्याच्या जागी लाकडाच्याच रंगाची खरखरीत कापडी पट्टी गुंडाळा, नाहीतर घामाने हात सुटेल.

जड वजन नसतं, जड असतो तो पीळ. खुर्चीचा भार तिच्या मध्याशी आणि हात एका कोपऱ्यात, त्यामुळे मनगट वळतं. पाठ मागच्या बाजूला असल्याने भाराचा मध्य मागच्या पायांकडे झुकलेला असतो. म्हणून मार्कोने मागचा पाय धरायचा. उचलताना खुर्ची किंचित हाताकडे कलू द्यायची, म्हणजे भार मुठीवर येतो आणि पीळ कमी होतो. एडीने मात्र पुढचा पाय धरायचा. तिथून ती खरोखरच उचलत नाही, त्याला अभिनय करावा लागत नाही, आणि हा फरक प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. तालीम किमान तीन आठवडे, रोज पाच-सहा वेळा, त्याहून जास्त नको. मनगट दुखावलं तर प्रयोगच गेला. सुरुवातीला बैठकीची फळी काढून सराव करा.

दोन गोष्टी राहिल्या. ही खुर्ची पडदा उघडल्यापासून वापरात हवी. कुणीतरी तिच्यावर बसलेलं, कुणीतरी ती सरकवलेली, म्हणजे खास आणून ठेवल्यासारखी दिसत नाही. आणि खुर्ची वर जाताना संगीत लावू नका. आमच्याकडे असल्या क्षणाला तबल्याची थाप द्यायची खोड आहे, ती इथं आवरा. मार्कोची नजर एडीवर, एडीचं हसू मावळतं, पडदा.

एडी रोडोल्फोचं चुंबन घेतो तो भाग जत्रोत्सवात कसा करायचा? (डिचोली)

जत्रोत्सवात हे नाटक करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रात्रभर बसलेल्या मुलाबाळांच्या प्रेक्षकांसमोर या प्रसंगाला शिट्ट्या पडतात आणि पुढचा अर्धा तास हातचा जातो. हे काही आपल्याच लोकांचं मागासलेपण नाही. १९५६ साली लंडनमध्ये पीटर ब्रुकने हे नाटक बसवलं तेव्हा तिथल्या सरकारी परीक्षकाने याच प्रसंगामुळे जाहीर प्रयोगाला परवानगी नाकारली. मग कॉमेडी थिएटरला खाजगी क्लबचं रूप दिलं गेलं, आणि प्रेक्षक सभासद होऊन नाटक बघायला गेले.

स्पर्धेत मात्र तो टाळू नका. नाताळच्या तोंडावर एडी पिऊन घरी येतो, कॅथरीन आणि रोडोल्फो आतल्या खोलीतून बाहेर येताना दिसतात. तो आधी तिचं चुंबन घेतो, मग अंगावर धावून आलेल्या रोडोल्फोचे हात जखडून त्याचं. दुसऱ्यात वासना अजिबात नाही. ‘हा पुरुषच नाही’ हे तिच्यासमोर सिद्ध करण्याची ती विटंबना आहे. म्हणून हालचाल झटापटीचीच बसवा : एडीची पाठ प्रेक्षकांकडे, एका हाताने मनगटं, दुसऱ्याने जबडा, दोन सेकंद, आणि ढकलणं. पहिलं चुंबन त्याहून अवघड. तिथं कॅथरीनचं गोठून जाणं दिसायला हवं, तेव्हा तिचा चेहरा प्रेक्षकांकडे ठेवा. दोन्ही मुलांशी आधी मोकळेपणाने बोला आणि हालचाल ठरली की ऐन प्रयोगात कुणीही ती बदलायची नाही.

पूर्ण गाळलंत तर लगेच पुढे एडी अल्फिएरीला जे पटवत बसतो, की ‘त्याने प्रतिकार केला तो खरा नव्हे’, त्याला आधारच उरत नाही.

टेलिफोनची पेटी रंगमंचावर पहिल्यापासून ठेवायची का? (वास्को)

हो. ती कोपऱ्यात, अंधारात, कुणी न वापरलेली हवी. अल्फिएरीच्या दुसऱ्या भेटीत, एडी अजून कचेरीतच असताना, पेटीवर फिका निळा उजेड हळूहळू चढवा, साधारण एका मिनिटात. एकदम पेटवला तर तो प्रकाशयोजनेचा चमत्कार होतो. एडीला फोन सुचायच्या आधी प्रेक्षकाला तो सुचला पाहिजे. काचेची अख्खी पेटी करू नका. तीन बाजूंची चौकट पुरे, नाहीतर आवाज आत कोंडतो आणि सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मागच्या रांगेला ऐकू जात नाही.

फोननंतरचा एक धागा दिग्दर्शक वारंवार हरवतात. एडीने फोन केला तो दोघांसाठी. पण घरी आल्यावर कळतं की ते दोघे वरच्या मजल्यावर मिसेस डोंडेरोकडे राहायला गेलेत, आणि त्याच खोलीत खाटीक लिपारीचेही दोन नातेवाईक उतरलेत. आता चौघे जाणार. एडीची पुढची धांदल, ‘त्यांना तिथून हलवा’ ही आरडाओरड, यातूनच येते, आणि बायकोला संशयही इथंच येतो. धाड पडल्यावर मार्को त्याच्या तोंडावर थुंकतो, पण वस्ती पाठ फिरवते ती लिपारीपासून. मग लुइस आणि माइक हे त्याचे दोस्तही निघून जातात. पहिल्या अंकात याची पेरणी आहे : व्हिनी बोल्झानो नावाच्या पोराने सख्ख्या काकाला पकडून दिलं, तेव्हा बापाने आणि पाच भावांनी त्याला जिन्यावरून खाली फरफटत नेऊन रस्त्यात थुंकलं होतं. ती हकिगत वेळेअभावी कापणारी मंडळं आम्ही पाहिली आहेत. दीड मिनिट वाचतं, आणि दुसरा अंक लंगडा होतो.

परीक्षेत ‘एडी हा शोकनायक आहे का’ असा प्रश्न येतो. राजा नाही, सरदार नाही, मग कसा? (विद्यार्थिनी, मडगाव)

मिलरनेच १९४९ साली एका लेखात मांडलं होतं की साधा माणूसही शोकांतिकेला तितकाच लायक असतो, अट एवढीच की आपली प्रतिष्ठा राखायला तो जीव लावायला तयार हवा. उत्तर तिथून सुरू करा आणि लगेच संहितेत या. शेवटी एडी मार्कोकडे काय मागतो? कॅथरीन नव्हे. तो आपलं नाव परत मागतो. मार्कोने सगळ्यांसमोर ते मातीत घातलं आणि वस्तीत नावाशिवाय जगता येत नाही. गंमत अशी, की तो मागतो ते खोटं आहे. चुगली त्याने केलेलीच आहे. हे लिहिलंत तर ‘दोष’ आणि ‘नियती’ यांचे ठरावीक परिच्छेद लिहावे लागणार नाहीत. काळाचा संदर्भ द्यायचा तर हा द्या : नाटकाचं पहिलं, एका अंकाचं रूप १९५५ सालचं. त्या वर्षांत अमेरिकन संसदेची समिती कलावंतांना बोलावून साथीदारांची नावं विचारत होती. मिलरने १९५६ मध्ये नावं सांगायला नकार दिला, १९५७ मध्ये त्याला दोषी ठरवलं गेलं, १९५८ मध्ये वरच्या न्यायालयाने ते रद्द केलं. पण नाटक म्हणजे त्या प्रकरणाचं रूपक, असं मात्र लिहू नका. रेड हुकमधली मूळ हकिगत त्याने गोदीवरच्या एका वकिलाकडून आधीच ऐकलेली होती.

रोडोल्फो खरा की लबाड? (काणकोण)

नटाने खरा समजून करायचा. कॅथरीन त्याला विचारते, लग्न करून इटलीला राहू का? तो नाही म्हणतो आणि चिडतो, की उपाशी देशात तुला कशाला नेऊ, आणि कागदांसाठी मी जन्मभराची बायको करीन असं वाटलं कसं? शंका ठेवायची ती प्रेक्षकाच्या मनात, त्याच्या डोळ्यांत नव्हे.

शेवटची सुऱ्याची झटापट सुरक्षित कशी करायची? आणि हक्कांचं काय? (कुडचडे)

सुरा बोथट अ‍ॅल्युमिनियमचा, टोक गोल घासलेलं. पातं आत जाणारा खेळण्यातला सुरा घेऊ नका. तो अडकतो, आणि अडकला की टोचतो. सुरा एडीच काढतो आणि मार्को त्याचा हात उलटवतो, हे स्पष्ट दिसलं पाहिजे. हालचालीचा ताबा मात्र ज्याला सुरा लागायचा त्याच्याकडे, म्हणजे एडीकडे. मार्कोचा हात फक्त वरून टेकलेला. पातं पोटाच्या बाजूने, प्रेक्षकांच्या विरुद्ध अंगाला जाऊ द्या. प्रत्येक प्रयोगाआधी एकदा अर्ध्या वेगाने करून बघा. एडी कोसळतो तो बीअ‍ॅट्रिसच्या मिठीत, कॅथरीनच्या नव्हे. तेवढी जागा आधी मोकळी ठेवा.

हक्कांबद्दल : मिलर २००५ साली वारला. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६५ अखेरपर्यंत. हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला तर कायद्यात सूट आहे, आणि आपली मंडळं तिच्यावर विसंबतात. पण ती सूट प्रयोगाला आहे. भाषांतर आणि रूपांतर हे वेगळे हक्क आहेत, त्यांना लेखी परवानगी लागतेच. छापील इंग्रजी प्रतीच्या सुरुवातीच्या पानांवर प्रयोगहक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा पत्ता असतो. पत्रात मंडळाचं नाव, भाषा, प्रयोगांची संख्या, नाट्यगृह आणि आसनं, तिकीट आहे की नाही, आणि कापायचे असलेले भाग एवढं लिहा. उत्तराला महिने लागू शकतात, तेव्हा पात्रनिवडीच्या आधी पत्र टाका.